सात पॉइंट, दोन भाऊ आणि एक कडक हिवाळा: कोलोरॅडोतल्या म्यूल डिअर शिकारीच्या नियोजनाचं एक प्रकरण

कोलोरॅडोत राहणाऱ्या दोन मराठी भावांनी २०२३ मध्ये म्यूल डिअर या हरणाच्या टॅगसाठी, म्हणजे एक हरीण मारण्याच्या परवान्यासाठी, अर्ज कसा केला, काय सोडलं, काय पदरात पडलं, याची ही नोंद. दोघांच्या परवानगीने लिहिली आहे. नावं आणि युनिटचे, म्हणजे शिकारीच्या विभागांचे, क्रमांक दिलेले नाहीत. अर्जाची आकडेमोड करायला मी त्यांच्यासोबत बसलो होतो, शिकारीला मात्र गेलो नव्हतो.

पार्श्वभूमी

थोरला भाऊ फोर्ट कॉलिन्सला बरीच वर्षं आहे, आता अमेरिकन नागरिक आहे. धाकटा न्यू जर्सीहून ऑरोराला आला आणि एच-वन-बी व्हिसावर आहे. दोघंही सातारा जिल्ह्यातले. घरात शिकारीची परंपरा नाही, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपलेलाच आहे. थोरल्याला हा नाद शेजाऱ्यामुळे लागला.

ज्या मराठी वाचकाला हे सगळं ऐकूनच कसंसं होतं त्याच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत वन्यप्राणी राज्याच्या ताब्यात असतात. किती मारू द्यायचे हे राज्य ठरवतं आणि परवान्याच्या पैशांतून त्याच प्राण्यांची मोजणी, संशोधन आणि अधिवासाची कामं चालतात. त्याशिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तोही राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ही व्यवस्था निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. पण मर्यादित टॅग हा तिचा कणा आहे, आणि तो समजून न घेता अर्ज भरणारे आपले लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं.

म्यूल डिअर हे पश्चिम अमेरिकेतलं हरीण. खेचरासारखे मोठे कान, शेपटीचं टोक काळं, घाबरलं की चारी पाय एकदम उचलून उड्या मारत चढ चढणारं. नराची शिंगं सांबराच्या शिंगांसारखी दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. कोलोरॅडोत १९९९ पासून या हरणाचा प्रत्येक परवाना मर्यादित आहे. ड्रॉमध्ये नंबर लागल्याशिवाय किंवा उरलेल्यांतला घेतल्याशिवाय टॅग मिळत नाही.

ड्रॉ म्हटलं की आपल्याला म्हाडाची सोडत आठवते. सगळ्यांची नावं एका डब्यात, ज्याचं नशीब त्याचं घर. कोलोरॅडोत हरणांसाठी तसं नाही. इथे मुख्यतः रांग आहे. अर्जात चार पसंती लिहिता येतात. पहिली पसंती मिळाली नाही की त्या वर्षी एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो. पुढच्या वर्षी एखाद्या युनिटचे परवाने वाटताना आधी सर्वात जास्त पॉइंटवाले, मग त्यांच्याखालचे. शिकारीला जायचंच नसेल तर पहिल्या पसंतीत नुसता पॉइंटचा कोड टाकून रांगेतली जागा पुढे सरकवता येते. थोरल्याने मुलं लहान असताना दरवर्षी तेच केलं. २०२३ च्या वसंतात त्याच्याकडे सात पॉइंट होते, धाकट्याकडे दोन.

अडचण

थोरल्याच्या मनात बरीच वर्षं वायव्य कोलोरॅडो होतं. मीकर आणि क्रेग या गावांभोवतीचा, सेजब्रशच्या झुडपांचा पठारी मुलूख, मोठ्या कळपांसाठी नावाजलेला. आणि हंगाम हवा होता तिसरा रायफल हंगाम, नोव्हेंबरच्या मध्याचा. त्या दिवसांत नर माजावर यायला लागतात, माद्यांच्या मागे उघड्यावर येतात आणि एरवी न दिसणारे मोठे नर दिसतात. म्हणूनच या हंगामाला पॉइंटही जास्त लागतात.

तीन गोष्टी आडव्या आल्या.

पहिली, हिवाळा. २०२२-२३ चा हिवाळा मॉफॅट, राउट आणि रिओ ब्लँको या काउंट्यांत अतिशय कडक गेला. बर्फाचा थर जाड, त्यावर कडक पापुद्रा, खालचं खाणं बंद. मार्च महिन्यात तिथून हरणांच्या मरणाच्या बातम्या येत होत्या, आणि सगळ्यात आधी जातात ती आदल्या उन्हाळ्यात जन्मलेली पाडसं. अर्जाची मुदत मात्र ठरलेली: एप्रिलचा पहिला मंगळवार, त्या वर्षी ४ एप्रिल. परवान्यांचे अंतिम आकडे राज्याच्या वन्यजीव खात्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ कमिशन मे महिन्यात ठरवतं. म्हणजे किती टॅग निघणार हे कळायच्या आधी अर्ज भरायचा. नव्या माणसाला ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

दुसरी, दिवाळी. त्या वर्षी तिसरा हंगाम ११ ते १७ नोव्हेंबर होता आणि लक्ष्मीपूजन १२ तारखेला. वहिनींनी एका वाक्यात विषय संपवला: "पाडव्याला तुम्ही डोंगरात आणि मी इथे एकटीने ओवाळू कुणाला?"

तिसरी, धाकटा. त्याला पहिल्यांदाच जायचं होतं आणि दादाबरोबरच जायचं होतं. कोलोरॅडोत गटाने अर्ज केला तर ज्याचे पॉइंट सर्वात कमी, तेच अख्ख्या गटाचे धरले जातात. सात आणि दोनची सरासरी साडेचार धरत नाहीत, दोनच धरतात. शिवाय पहिल्या पसंतीत नंबर लागला तर थोरल्याचे सातही पॉइंट शून्यावर.

समोर असलेले पर्याय

आम्ही एका रविवारी खात्याचे ड्रॉचे अहवाल उघडून बसलो. प्रत्येक हंट कोडसाठी, म्हणजे अर्जात लिहायच्या शिकारीच्या कोडसाठी, किती परवाने होते, किती पॉइंटवाल्या किती जणांनी अर्ज केला, कितव्या पसंतीपर्यंत परवाने पोहोचले, हे सगळं त्यात असतं. हंट कोड वाचायला शिकलं की अर्धं काम झालं. डी म्हणजे हरीण, मग नर की मादी, मग तीन आकडी युनिट, मग हंगाम, शेवटी हत्यार.

पहिला पर्याय: थोरल्याने एकट्याने सात पॉइंट वायव्येत, तिसऱ्या हंगामात खर्च करायचे. आदल्या वर्षीच्या अहवालावरून त्याचा नंबर काठावर होता. पण तो अहवाल आदल्या वर्षीच्या परवान्यांचा. कमिशनने कपात केली तर तीच सात पॉइंटांची रेष, म्हणजे नंबर लागायला लागणारे किमान पॉइंट, वर सरकणार. आणि नंबर लागला तरी ज्या कळपाने एवढा मार खाल्लाय त्यात जायचं का, हा प्रश्न थोरल्याने स्वतःच काढला. मला तो पटला.

दुसरा: दोघांनी दोन पॉइंटांवर गटाने, पहिल्याच पसंतीत, बऱ्यापैकी युनिट मागायचं. एकत्र जाणं जवळपास नक्की, पण थोरल्याची वर्षानुवर्षांची साठवण एका मध्यम प्रतीच्या टॅगवर जाणार.

तिसरा: गटाने अर्ज करायचा, पण पहिल्या पसंतीत पॉइंटचा कोड आणि दुसऱ्या पसंतीत खरी शिकार. कोलोरॅडोत पॉइंट खर्च होतात ते पहिली पसंती मिळाली तरच. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पसंतीला टॅग मिळाला तर पॉइंट शाबूत, वर त्या वर्षीचा एक जमा. अडचण एवढीच, की चांगल्या युनिटांचे परवाने पहिल्या पसंतीवाल्यांतच संपतात. दुसऱ्या पसंतीपर्यंत उरणारं युनिट शोधावं लागतं.

चौथा: दोघांनी नुसता पॉइंट घेऊन घरी बसायचं. हा पर्याय सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात महागडा. समजा एका कोडला वर्षाला वीस टॅग आहेत आणि दहा पॉइंटवाले दोनशे जण रांगेत आहेत. यंदा वीस सुटले, एकशे ऐंशी जण अकरा पॉइंट घेऊन पुन्हा उभे. तुम्ही सातावरून आठावर गेलात, रेष दहावरून अकरावर गेली. अंतर तेवढंच, वय मात्र एका वर्षाने वाढलं. याला इकडे पॉइंट क्रीप म्हणतात.

धाकट्याने बाहेरच्या राज्यांचंही विचारलं. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, दरवर्षी सगळे सारखे. नेव्हाडात बोनस पॉइंटांचा वर्ग करून तेवढ्या, आणि चालू अर्जाची एक, अशा चिठ्ठ्या टाकतात. पण बाहेरच्या माणसाला वाटा कमी आणि शुल्क कितीतरी जास्त, त्यामुळे पहिल्या वर्षी तो विषय लांबवला नाही.

निर्णय आणि अर्ज

तिसरा पर्याय ठरला. युनिट आर्कान्सॉ नदीच्या वरच्या खोऱ्यातलं, सलायडा आणि ब्यूना व्हिस्टाच्या बाजूचं. वायव्येसारखा मार त्या बाजूला बसला नव्हता. हंगाम दुसरा, २८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. नर अजून माजावर नसतात, त्यामुळे मागणी कमी. आदल्या वर्षी त्या कोडचे काही परवाने दुसऱ्या पसंतीला गेल्याचं अहवालात दिसत होतं.

गटाने जायचं की वेगवेगळे अर्ज करायचे यावर दोघांचं वाजलं. वेगळे अर्ज केले तर निदान एकाला टॅग मिळायची शक्यता जास्त. धाकटा म्हणाला, "दादा, तुला एकट्याला मिळाला तर मी नुसता डबे वाहायला येऊ का?" गटाने अर्ज केला, म्हणजे मिळाले तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही.

अर्जाआधी दोन कागद लागतात. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र, आणि मोठ्या प्राण्याच्या ड्रॉसाठी आधी घेतलेला एक पात्रता परवाना. त्यांनी लहान शिकारीचा वार्षिक परवाना घेतला.

धाकट्याच्या बाबतीत या परवान्याचं आणखी एक महत्त्व होतं, आणि व्हिसावर असलेल्या प्रत्येकाने हे नीट वाचावं. केंद्रीय कायद्याने एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेला, चालू मुदतीचा शिकार परवाना. तो हातात येईपर्यंत थोरल्याने भावाला रायफलला हात लावू दिला नाही, नेमबाजीच्या रेंजवरसुद्धा नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलं, परवान्याची प्रत पाकिटात ठेवली, मग सराव सुरू केला. मित्राची बंदूक सहज हातात धरून फोटो काढणारे लोक मला माहीत आहेत. त्यातला धोका फार मोठा आहे.

मे महिन्यात कमिशनने वायव्येतल्या परवान्यांत मोठी कपात केली. ड्रॉचा निकाल आला तेव्हा दोघांना दुसऱ्या पसंतीचा टॅग मिळालेला होता. थोरल्याचे पॉइंट आठ झाले, धाकट्याचे तीन.

तयारी

ऑगस्टमध्ये दोघं दोनदा युनिटमध्ये जाऊन आले. ट्रायपॉडवर दुर्बीण लावून पहाटे उंचावरची गवताळ मैदानं बघितली. झाडोऱ्याच्या रेषेजवळ मखमल चढलेल्या शिंगांचे नर दिसले आणि दोघं खूश होऊन परतले. या खुशीचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

रायफल थोरल्याची, टू-सेव्हन्टी, म्हणजे पॉइंट टू-सेव्हन कॅलिबरची. कोलोरॅडोत हरणासाठी किमान पॉइंट टू-फोर कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत) आणि ७० ग्रेनची (सुमारे साडेचार ग्रॅमची) गोळी लागते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. धाकट्याने रेंजवर टेबलावर रायफल टेकवून शंभर यार्डांवर गोळ्या छान एकमेकींजवळ बसवल्या.

हंगाम

पहिली रात्र कोजागिरीची. पूर्ण चंद्र असला की हरणं रात्रभर चरतात आणि पहाटे लवकर आडोशाला जातात असं बरेच शिकारी मानतात, पण पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. त्याच शनिवार-रविवारी थंडीची लाट आली आणि बर्फ पडलं.

ऑगस्टमध्ये पाहिलेली वरची मैदानं रिकामी होती. हरणं खाली उतरली होती, पिनयन आणि जुनिपरच्या बुटक्या झाडांच्या पट्ट्यात, आणि त्यातली बरीचशी खाजगी रँचच्या अल्फाल्फावर, म्हणजे लसूणघासावर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरल्याला रुंद शिंगांचा, दोन्ही बाजूंना चार-चार टोकांचा नर दिसला. नकाशाच्या ॲपवर पाहिलं तर नर सीमेच्या पलीकडे होता. कोलोरॅडोत जमीनमालकाने पाटी लावलेली नसली तरी हद्द ओळखणं ही शिकाऱ्याची जबाबदारी असते. थोरल्याने कायदेशीर वेळ संपेपर्यंत, म्हणजे सूर्यास्तानंतर अर्धा तास, तिथेच बसून वाट पाहिली. नर अलीकडे आला नाही.

धाकट्याची वेळ बुधवारी सकाळी आली. माउंटन महॉगनीच्या झुडपांचा उतार, वारा तोंडावर, दोघं भगव्या जॅकेटात एका खडकाच्या आडोशाला. आधी दोन माद्या बाहेर आल्या, त्यांच्या मागे दुबेळक्या शिंगांचा तरुण नर. अंतर मोजलं तर १८० यार्ड. टेबल नव्हतं, पाठपिशवीवर रायफल टेकवून बसावं लागलं आणि धाकट्याच्या रायफलवरच्या दुर्बिणीतला क्रॉस श्वासाबरोबर वरखाली होत राहिला.

"थांब. मागे मादी आहे."

"दिसतेय दादा."

मादी चार पावलं खाली सरकली, नर आडवा उभा राहिला. "आता. खांद्याच्या मागे. घाई नको." एकच गोळी. नर चाळीसेक पावलं धावून झुडपात पडला.

मग खरं काम. टॅगवर तारीख घालून सही केली, तो सुटा करून धडाला बांधला. लिंग ओळखू येईल असा अवयव मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, ते भान ठेवून चारही पाय आणि पाठीचं मांस वेगळं केलं. कणा जागेवरच सोडला. मुंडकं घेतलं, कारण आजाराची तपासणी करायची होती. दोन खेपांत सगळं गाडीपर्यंत आलं. उणे तापमानामुळे मांस लवकर थंड झालं, ही त्या बर्फाची कृपा.

निष्पत्ती

धाकट्याचा टॅग वापरला गेला, थोरल्याचा रिकामा राहिला. शुक्रवारी त्याच्यासमोरही एक तरुण नर आला होता, कायदेशीर, खुल्या जमिनीवर. त्याने गोळी घातली नाही. तो सीमेपलीकडचा नर त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

मुंडकं खात्याच्या कार्यालयात दिलं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा, प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा, नेहमी जीवघेणा आजार. तो १९६७ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला तोही फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्येच. नरांत त्याचं प्रमाण माद्यांपेक्षा जास्त असतं. दरवर्षी काही युनिटांत तपासणी सक्तीची असते, इतरत्र ऐच्छिक. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित प्राण्याचं मांस खाऊ नये असाच सरकारी आरोग्यसंस्थांचा सल्ला आहे. वहिनींची अट स्पष्ट होती: निकाल येईपर्यंत फ्रीझरमधला तो कप्पा उघडायचा नाही. पाकिटांवर तारीख आणि टॅगचा क्रमांक लिहून ठेवला होता.

निकाल नोव्हेंबरअखेर आला: आजार आढळला नाही. 'आढळला नाही' म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे, कारण लागण अगदी ताजी असेल तर चाचणीत सापडत नाही. तेवढं समजून घेऊन, मार्गशीर्ष लागायच्या आत, काळ्या मसाल्यातला पहिला रस्सा झाला. या मांसात चरबी फार कमी, म्हणून वहिनींनी ते मंद आचेवर बराच वेळ ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

अर्जाचा निर्णय मला आजही योग्य वाटतो. कपातीनंतर वायव्येत थोरल्याचा नंबर लागला असता की नाही हे आता सांगता येणार नाही, पण आकडे माहीत नसताना सगळी साठवण पणाला लावण्यापेक्षा ती राखून एकत्र जाणं शहाणपणाचं होतं. नंबर लागून पुढे कळपाची अवस्था वाईट निघाली असती तरी हंगामाच्या किमान ३० दिवस आधी परवाना परत करून पॉइंट वाचवायची वाट होती. ती त्यांना मार्चमध्ये माहीत असती तर पहिल्या पर्यायाचा विचार थोडा शांतपणे झाला असता.

तयारीत मात्र सुधारणेला जागा होती. ऑगस्टची पाहणी ऑक्टोबरच्या शेवटच्या शिकारीला उपयोगाची नसते. हरणं तोवर हजारभर फूट खाली आलेली असतात. एक फेरी ऑक्टोबरच्या मध्यात हवी होती. त्याच फेरीत खालच्या रँचवाल्याला भेटून परवानगी मागता आली असती. नकारही मिळाला असता, पण हंगामाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारायला जागाच नव्हती.

धाकट्याचा सराव टेबलावर झाला आणि गोळी पाठपिशवीवरून गेली. १८० यार्डांवर निभावलं. अडीचशे असते तर मी त्याला थांबच म्हटलं असतं. उन्हाळ्यातली निम्मी काडतुसं बसून, गुडघ्यावर आणि पिशवीवर टेकवून खर्च व्हायला हवी होती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणता नर घ्यायचा हे दोघांनी निघण्याआधी बोलून ठेवलं नव्हतं. धाकट्याला मांस हवं होतं, त्याचा निर्णय सोपा होता. थोरल्याच्या हातात दुसऱ्या पसंतीचा टॅग होता आणि नजर आठ प्रेफरन्स पॉइंट खर्चून मिळणाऱ्या टॅगवरच्या नराची होती. शुक्रवारचा नर सोडल्याचा पश्चात्ताप त्याला नाही असं तो म्हणतो, आणि त्याचा तो अधिकार आहे. पण घरी मांस न्यायचं की मोठ्या नराची वाट पाहायची, हे अर्जाच्या दिवशीच ठरलेलं असतं तर युनिटही कदाचित दुसरं निवडलं गेलं असतं.

आठ पॉइंटांचं काय करायचं याला त्यांनी आता मुदत घातली आहे. २०२४ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवसांत आली, म्हणजे या खेपेला दुसरा हंगाम दिवाळीत आणि ९ ते १५ नोव्हेंबरचा तिसरा मोकळा. थोरल्याने २ एप्रिलच्या मुदतीआधी एकट्याने, तिसऱ्या हंगामासाठी, आदल्या वर्षीच्या अहवालात आठ पॉइंटांत आरामात बसणारं युनिट पहिल्या पसंतीला टाकलं. ते वायव्येतलं नव्हतं. बाकीच्या तीन पसंती कोऱ्या ठेवल्या. धाकट्याने पुन्हा पॉइंटचा कोड पहिल्या पसंतीला लिहिला आणि दुसऱ्याला तेच आर्कान्सॉ खोरं.